समुद्रपारची सवत

दिपमालाची सवत पांढरीशुभ्र होती, पंख पसरले तर खोलीत मावली नसती, आणि जळगावपासून इतकी लांब राहत होती की तिच्या झिंज्या उपटायचीसुद्धा सोय नव्हती. तिचं नाव बेगम. जात अल्बट्रॉस.

आता अल्बट्रॉस म्हणजे काय, हे खानदेशात कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. समुद्र बघायचा म्हटलं तरी आपल्याकडून दिवस मोडतो, आणि तिथे जाऊनही हा पक्षी दिसायचा नाही. तो पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला, वादळी पाण्यावर महिनोन्‌महिने उडत असतो आणि अंडं घालायची वेळ आली तरच जमिनीला पाय लावतो. तिकडच्या एका बेटावर एका घरट्यासमोर कॅमेरा लावून ठेवला आहे. त्यातलं चित्र जगात कुणालाही मोबाइलवर बघता येतं. दिपमालाच्या दुर्दैवाने तिच्या नवऱ्यालाही.

प्रेमराज आयुष्यभर डाळ मिलमध्ये दिवाणजी होते. माणूस वाईट नाही, पण कोरडा. घरात बोलायचं ते कामापुरतं आणि काम नसलं की तेही नाही. निवृत्तीनंतर हा माणूस दिवसभर घरात बसून काय करणार, याची दिपमालाला धास्तीच होती. नशिराबादला गाद्यांचं दुकान चालवणारे नासीरभाई त्यांचे जुने मित्र. त्यांनी एक दिवस चहा पिता पिता मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, "प्रेमराजभाऊ, जरा हे बघा." त्या दिवशी प्रेमराजांचं डोकं जे त्या मोबाइलमध्ये गेलं, ते वर आलंच नाही.

जळगाव आणि धुळ्यातल्या काही हौशी माणसांचं एक मंडळ होतं. बेटावर काम करणाऱ्या लोकांना चोवीस तास कॅमेऱ्यासमोर बसता येत नाही, म्हणून जगभरची अशी मंडळं पाळ्या लावून ते घरटं बघत बसतात आणि काय दिसलं ते तिकडे कळवतात. अंड्यावर कोण बसलंय, पायात निळं कडं आहे की पिवळं, दुसरा कधी परतला, परतल्यावर काय केलं, एवढंच. पैसा नाही, मान नाही, भाकरीचा तुकडासुद्धा नाही. निळ्या कड्याच्या नराचं नाव नासीरभाईंनी बादशाह ठेवलं होतं आणि पिवळ्या कड्याच्या मादीचं बेगम. आणि या सगळ्या मंडळाची म्होरकी होती धुळ्याच्या देवपुरात राहणारी कामिनी. भूगोल शिकवून निवृत्त झालेली, नवरा वारलेला, केस कापलेले, स्वतःची स्कूटर. दिपमालाने तिला फक्त फोटोत पाहिलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं.

थंडीतली एक सकाळ. दिपमाला भाकरी थापत होती. चहाचा कप प्रेमराजांच्या शेजारी केव्हाचा पडून होता.

"ओ किरणना बाबा, च्या थंडा व्हई गया."

"थांब वं! बेगम उनी, बेगम!"

पिठाच्या हातानेच ती बघायला आली. खरं तर चांगलं खरमरीत काहीतरी बोलायला आली होती. पण पडद्याकडे नजर गेली आणि शब्द तोंडातच राहिले. हिरव्या टेकाडावर वाऱ्याने गवत आडवं होत होतं. अंड्यावर बसलेला बादशाह कितीतरी दिवस तिथून हलला नव्हता, अन्नाचा कण त्याच्या पोटात नव्हता. आणि आता पलीकडून बेगम उतरली. उतरली कसली, जवळपास पडलीच. एवढे मोठे पंख, जमिनीवर त्यांचं ओझंच होतं. मग डुलत डुलत, लांबून आलेली पाहुणी चालते तशी, घरट्यापाशी आली. बादशाहने मान सरळ आभाळाकडे केली. तिनेही केली. दोघांनी चोचीवर चोच वाजवली, मान वाकवली, पुन्हा वाजवली. मग त्याने तिच्या मानेची पिसं एकेक करून विंचरायला घेतली, इतकी हळू, की दिपमालाच्या मानेवर काटा आला.

प्रेमराजांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मोबाइल तोंडाशी धरला आणि बोलायला लागले. "कामिनीताई, बघितलंत का? अहो, मान कशी आभाळाकडे केली त्याने! मला तर बोलायला शब्द सुचत नाहीत."

दिपमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द सुचत नाहीत म्हणे! घरात 'भाकर दे', 'किल्ली कोठे शे' यापलीकडे ज्याची गाडी कधी गेली नाही, त्याला त्या बाईपाशी शब्द सुचत नव्हते, आणि तेही असे धुऊन इस्त्री केलेले. आखाजीच्या सणाला, अक्षय्यतृतीयेला, ती साक्रीला माहेरी जायची, महिनाभराने परतायची, तेव्हा यांनी मान आभाळाकडे सोडा, पेपरातूनसुद्धा वर केली नव्हती. दारात पिशवी ठेवली की म्हणायचे, "दूधवालाले सांगी दे, उद्यापाईन जास्ती लागी."

आणि तो बादशाह अंड्यावर बसायचा, ते बघून तर तिचं काळीजच कुरतडलं जायचं. किरण, त्यांची एकुलती एक मुलगी, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून साक्रीला झाली. दिपमाला आतल्या खोलीत पडून दाराकडे बघत राहायची. पहिला दिवस गेला, पाचवी झाली, नवरा आला नाही. आला तो थेट बारशाला, चार पाहुण्यांसारखा. पोरीला लांबून बघितलं, आईने पुढे केलेला चहा घेतला आणि मिलचा सीझन आहे म्हणून संध्याकाळच्या गाडीने परत. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलीही नाही. दिवाळी असो, लग्न असो, ती गोष्ट मनात ठसठसायची. आणि आता हाच माणूस दुसऱ्याच्या अंड्यासाठी डोळे पुसत होता. बेगमने केलं तरी काय होतं असं? एक अंडं! दिपमालाने पोरगी जन्माला घातली होती.

जानेवारी संपत आला आणि किरणचे दिवस भरत आले. किरण धुळ्याला दिलेली. जावई अभिमनराव बँकेत, स्वभावाने गरीब, बायकोच्या शब्दाबाहेर नसणारे. डॉक्टर धुळ्याचीच आहे, नवराही इथेच आहे, मग जळगावला कशाला येऊ, असं किरणने स्पष्ट सांगितलं. दिपमालाला ते पटलं नाही, पण हल्ली पोरींना पटवायच्या भानगडीत कोण पडतं? तिने डिंकाचे लाडू बांधले, बॅग भरली.

प्रेमराज आतून आले. "मी बी येस धुयाले. आंडेरनं बाळंतपण शे, घर बशीसन काय करू?"

दिपमालाला क्षणभर खरंच वाटेना. लेकीच्या बाळंतपणाला हा माणूस आपणहून निघाला! तिने त्यांचा स्वेटर घडी करून बॅगेत सगळ्यात वर ठेवला. एरंडोलपर्यंत ती गाडीत खुशीत होती. पारोळ्याला नासीरभाईंचा फोन आला. प्रेमराज मोठ्याने म्हणाले, "हो हो, मी धुळ्यातच असणार! अंड्याला तडा गेलाय ना, रविवारपर्यंत पिलू बाहेर येईल. सगळे कामिनीताईंकडेच जमू."

म्हणजे हे असं होतं तर. दिपमालाने खिडकीची काच लावून घेतली. लेकीचं निमित्त, आणि जीव देवपुरात. तिला आता एकच गोष्ट बघायची होती: वेळ आली तर हा माणूस कोणाकडे धावतो. बाकी कशाशी तिला देणंघेणं उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी प्रेमराज धुतलेला सदरा घालून तयार झाले. कामिनीकडे भिंतीवर मोठा टीव्ही होता, त्यावर घरटं लावायचं ठरलं होतं. नासीरभाई बामणोदची हिरवी वांगी घेऊन येणार होते, अंगणात काड्या पेटवून भाजायची, भरीत-पुरीचा बेत. निघताना प्रेमराजांनी किरणला विचारलं, "बरं वाटतंय ना बेटा?"

"पप्पा, जा तुम्ही. डॉक्टर म्हणाल्यात, अजून वेळ आहे."

ते दारापर्यंत गेले आणि वळून दिपमालाला म्हणाले, "काही व्हयनं ते लगेच फोन कर. मी पयत येस." पळत येतो म्हणे. मग चपला घालताना पुन्हा, "फोन करशी ना?"

"हां, करसू," दिपमाला भाजी निवडता निवडता म्हणाली. मनात म्हणाली, जा, जा, तुझी बेगम वाट बघत असेल.

ते गेले आणि थोड्याच वेळात किरणला कळा सुरू झाल्या. अभिमनराव घाबरून घरभर फिरायला लागले, गाडीची किल्ली हातात असून किल्ली शोधायला लागले. दिपमालानेच सगळं हातात घेतलं. दवाखान्यात किरणला आत नेलं, तेव्हा अभिमनराव म्हणाले, "आई, पप्पांना फोन करतो."

"तुम्ही किरणजवळ जा. मी करते."

तिने मोबाइल काढला. प्रेमराजांचं नाव समोर आलं. बोट त्यावर टेकवायचं बाकी होतं. आणि तिच्या मनात आलं, मी कशाला बोलवू? लेक काय फक्त माझी आहे? याला खरी ओढ असेल तर याने स्वतः विचारावं, 'कशी आहे पोर?' एवढं विचारलं तरी मी समजेन की हा आमचा आहे. नाही विचारलं तर राहू दे तिकडेच. बोलावून आलेला माणूस काय कामाचा? तिने मोबाइल मांडीवर पालथा ठेवला आणि बाकावर बसून राहिली.

आतून डॉक्टरांनी अभिमनरावांना बोलावलं. बायकोचा हात धरायला नवरा आत गेला. दिपमाला त्या बंद झालेल्या दाराकडे बघत राहिली आणि तिला स्वतःच्या पोटच्या पोरीचा हेवा वाटला. वाटला म्हणजे चांगला झोंबला. असं वाटायला नको, हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग?

मोबाइल वाजला नाही, नुसता थरथरला. तिने झडप घालून उचलला. प्रेमराजांचा फोन नव्हता. मंडळाच्या ग्रुपवर नासीरभाईंनी फोटो टाकला होता. हा ग्रुप तिने आपल्या मोबाइलवर गुपचूप लावून घेतला होता, नजर ठेवायला. फोटोत भिंतभर टीव्ही, त्यात बेगम अंड्यावरून थोडी उठलेली, आणि तिच्या पोटाखालून एक भिजलेलं, करडं, केविलवाणं डोकं बाहेर आलेलं. आणि टीव्हीसमोर प्रेमराज. दोन्ही हात छातीशी धरलेले, तोंड किंचित उघडं, डोळ्यांतून सरळ पाणी गालावर. शेजारी कामिनी, टाळ्या वाजवताना.

दिपमालाने असं तोंड त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. लग्नात नाही, किरणच्या लग्नात नाही, त्यांची आई गेली तेव्हासुद्धा नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मोबाइल बंद केला, पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. आता ब्रह्मदेव आला तरी ती फोन करणार नव्हती.

दुपार व्हायच्या आत किरणला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं ते लालबुंद गाठोडं दिपमालाच्या हातात दिलं, आणि तिला रडू आलं, हसू आलं, सगळं एकदम आलं. अभिमनराव पेढे आणायला पळाले. किरणने क्षीण आवाजात विचारलं, "पप्पा कुठे आहेत?"

"येतील," दिपमाला म्हणाली आणि बाळाची टोपी नीट करायला लागली.

ते आले. दवाखान्याच्या फाटकातून एक स्कूटर सुसाट आत शिरली, कामिनी चालवत होती आणि मागे प्रेमराज, एका हातात भरताचा डबा, दुसऱ्या हाताने स्टेपनी धरलेली. लेकीसाठी डबा घेऊन ते घरी गेले होते, घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, सकाळीच गेले सगळे दवाखान्यात. खिडकीतून त्या दोघांना एका स्कूटरवर बघून दिपमालाने ओठ दाबले आणि बाळाला किरणजवळ ठेवून ती बाहेर व्हरांड्यात आली.

कामिनी धापा टाकत होती. "झालं का? दोघी बऱ्या आहेत ना? अहो, काय सांगू तुम्हाला, दिपमालाताई! सकाळपासून यांनी मला नुसतं भंडावलंय. 'कामिनीताई, मला एकदा फोन लावून बघा, वाजतो का, माझा फोन बिघडलाय वाटतं.' मी लावायचे, वाजायचा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी म्हटलं, तुम्हीच करा ना घरी! तर म्हणे, नको, घरातले म्हणतील विश्वास नाही. तिने सांगितलंय करीन म्हणून, ती करेल."

 दिपमालाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

तेवढ्यात अभिमनराव पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "पप्पा! एवढा उशीर? आईंनी तर केव्हाच फोन केला होता ना?"

 प्रेमराजांनी दिपमालाकडे बघितलं. तिने मान खाली घातली नाही, पण तिचं तोंड उतरलं, आणि दिवाणजीला तेवढं पुरे होतं.

"केला होता," ते जावयाला म्हणाले. "मलाच ऐकू नाही आला. तिथे टाळ्यांचा गोंधळ चालला होता ना."

कामिनी काहीतरी बोलणार होती. मग तिने एकदा दिपमालाकडे बघितलं, प्रेमराजांच्या हातातला डबा घेतला आणि "चला अभिमनराव, हे आधी किरणला देऊ" म्हणत ती त्यांना घेऊन आत गेली. बाई हुशार होती, हे दिपमालाला त्या क्षणी मान्य करावंच लागलं.

दोघंच राहिले. प्रेमराज बाकावर बसले. रागावतील, ओरडतील, म्हणून ती वाट बघत होती. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. तिनेही सुनावलं असतं, गेल्या सगळ्या वर्षांचं एकदाच.

"किरण व्हयनी तव्हय," ते समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "मी साक्रीले ऊना व्हतू."

"बारसाले. माले माहीत शे."

"बारसाना पहिले. निरोप भेटना तसाच निंघनू. तुना घरना ओटावर बठनू. तुनी माय बाहेर उनी. सांगं, सुवेर शे, माणूसनी घरमा मझार येवानं नही. बारसाले या." त्यांनी हाताच्या तळव्यावरून अंगठा फिरवला. "च्या दिधा. मझार पोर रडी ऱ्हायनी व्हती. मी आयकत बठनू. मंग च्या सरना, उठनू, आनि यष्टी धरी."

 दिपमाला बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. आईने हे तिला कधी सांगितलं नव्हतं. ओली बाळंतीण, नवरा दारात आलाय म्हटलं तर उठून बसेल, हट्ट करेल, असं काहीतरी आईला वाटलं असणार. तेव्हा सगळ्याच घरी असं होतं. जावई ओट्यावर, बाळ आत, आणि मध्ये सोयरसुतक. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"मंग माले सांगं काब्रं नही?"

"काय सांगतू? तव्हय वाटनं, पद्धतच शे. मी अडी बसनू नही, चूक मनी बी शे."  मग ते रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाले, "तव्हय तुनी मायनी दारवरतून फिराई दिधं. आज तू बलायंच नही."

तिच्या काळजात ते बरोबर जाऊन रुतलं. सकाळपासून जपलेला तिचा राग, तिचा तो हिशेब, कोण कोणाचं आहे ते बघायचा तिचा डाव, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. आईने निदान रीत म्हणून केलं होतं. हिने जळून केलं होतं.

"पप्पा," आतून किरणने हाक मारली, "या ना आत!"

प्रेमराज उठले. दारापाशी गेले आणि थांबले. दार सताड उघडं होतं, आत त्यांची लेक होती, जावई होता, तरी ते उंबऱ्याच्या अलीकडे चपला काढून उभे राहिले आणि वळून दिपमालाकडे बघायला लागले. जाऊ का, असं.

ती त्यांच्या शेजारून आत गेली, किरणच्या कुशीतून बाळ उचललं आणि दारात परत आली. "हात पसरा," ती म्हणाली. "असे नही, कोपर खाले धरा. मुंडकं सांभाळा." आणि तिने ते गाठोडं त्यांच्या हातांत ठेवलं.

प्रेमराज उभे होते तसेच उभे राहिले. बाळाने तोंड वाकडं केलं, जांभई दिली. आणि त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं, डोळ्यांतून सरळ पाणी गालावर आलं. पुसायला हात मोकळा नव्हता.

दिपमाला त्या तोंडाकडे बघत राहिली. साक्रीच्या ओट्यावर, आतून पोरीचं रडणं ऐकताना, ते असंच झालं असणार. हे तोंड तिच्या वाट्यालाही आलं होतं, फक्त मध्ये एक भिंत होती आणि ती भिंतीच्या आतल्या अंगाला पडून दाराकडे बघत होती. त्या दिवशी ते तोंड एकाच माणसाने पाहिलं होतं, चहाची कपबशी हातात घेऊन समोर उभं राहून. बेगमवरचा राग तिला आता आठवेना, कामिनीवरचाही नाही. तिला हेवा वाटला तो तिच्या मेलेल्या आईचा, आणि तो कोणाजवळ बोलायचा, तेही तिला कळेना.